इथं कुणाला मराठी कळतंय!

१२ जून २००६, सोमवार

आज हॉस्पिटलच्या मेडिकलच्या काउंटरवर भांडं फोडावं तसा आवाज काढून ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही. पांढरा कोट घातलाय ना अंगात.

तिरुवळ्ळूरकडची ती बाई आली. दोन वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालेली, नाकात दोन्हीकडे चमकी घालणारी, माझ्या मोडक्या तमिळला खळखळून हसायची. पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची, असं तिच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं. आज नवऱ्यानं आणि दिरानं दोन बाजूंनी धरून आणली. रोग मणक्यात उतरलाय. मी विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या? तर म्हणाली, गेल्या दिवाळीत. "केस परत आले, अंग भरलं, मग गोळी कशाला?"

आणि मी काय करत होते दिवाळीपासून? महिन्याच्या महिन्याला येणारी बाई येईनाशी झाली, आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. अहो, कराडला आमच्या गल्लीतला वाणीसुद्धा विचारायचा, वहिनी, या महिन्यात साखर नाही नेली, गावाला होता काय? आम्ही बी. फार्म. झालेली माणसं वाण्याच्या पासंगाला पुरत नाही!

घरी येऊन नवऱ्यावर, महेशवर ओरडले. तो बिचारा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं मान वाकडी करून आलेला. म्हणाला, "माझं काय चुकलं?" काही नाही. तू समोर होतास.

१५ जून, गुरुवार

हॉस्पिटलच्या मॅनेजरसाहेबांकडं गेले. म्हटलं, छातीच्या कॅन्सरच्या ज्या बायका आपल्याकडून गोळी नेतात, त्यांची महिन्याची पुडी आधीच नाव घालून वरच्या फळीवर ठेवते. ठरल्या आठवड्यात पुडी फळीवरच राहिली तर फोन करते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या खुर्चीचा पाय मागितलाय. "औषध घ्यायचं की नाही ही पेशंटची मर्जी, मॅडम." मर्जी! मर्जी असायला आधी माहिती लागते.

मग कॅन्सरचे डॉक्टर. दर गुरुवारी येतात, वादळासारखे. म्हणाले, "मी प्रत्येकीला सांगतो." सांगतात खरं. एक पाय दाराबाहेर ठेवून सांगतात. ती बाई तेव्हा घाबरलेली असते, तिला फक्त कॅन्सर हा शब्द ऐकू येतो, पुढचं सगळं वाऱ्यावर. शेवटी हात झटकून म्हणाले, करा काय करायचं ते, फक्त माझ्याकडं तक्रार येता कामा नये.

माझ्या शेजारी काउंटरवर तामरैसेल्वी असते, इथलीच. ती म्हणाली, "अक्का, फोनवर तमिळ मी बोलते. तू बोललीस तर पेशंट घाबरून दुसरंच औषध सोडेल." हसले. तेवढंच आज.

३ जुलै, सोमवार

फोन करून करून कान लाल झाले. काय काय कारणं! एकीला वाटतं गोळी दुखण्यावर आहे, दुखलं तरच घेते. एकीची सासू म्हणते गोळीनं अंगात उष्णता होते, बंद कर. उष्णता होतेच! अंगातून वाफा निघतात, घामानं पोलकं भिजतं, सांधे धरतात. पण ते होईल, आणि झालं तर आम्हाला सांगा, असं कुणी त्यांना कधी सांगितलंच नाही. एकीचा नवरा सेल्वीवर खेकसला, "ती बरी आहे, तुम्ही कशाला अपशकुन करता?" सेल्वीनं रिसीव्हर ठेवून अशी शिवी हासडली की तिचा अर्थ विचारायची गरज पडली नाही.

पण काही पुड्या फळीवरून हलल्या. हेही लिहून ठेवते, नाहीतर ही डायरी म्हणजे नुसतं शिमग्याचं बोंबलणं होईल.

मूल होत नाही म्हणून ज्या डॉक्टरबाईंना दाखवतोय, त्यांच्याकडं शनिवारी आम्ही दोघं गेलो होतो. आता मला महिनाभर रोज गोळ्या आणि मधे इंजेक्शनं. सासूबाईंचा कराडहून फोन आला तर महेशनं नेहमीचं सांगितलं, कंपनी पुण्याला बदली करणार आहे, तोवर मूल नको म्हणून थांबलोय.

११ जुलै, मंगळवार

आज काय गंमत! रांगेत एक साठीची बाई, कांजीवरमची सुती साडी, इथल्यासारखीच माळलेली जाई, आणि पुढचा माणूस हलेना तर पुटपुटली, "देवा, किती वेळ उभें राहूं मी?"

मी उडालेच. म्हटलं, "मावशी, तुम्ही मराठी?"

सकवारबाई नाव. तंजावरच्या मराठ्यांपैकी. नवरा आवडी नावाच्या गावातल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन वारला, मुलगा कार्तिक आता त्याच कारखान्यात, मुलगी दिव्यश्री, राहायला अजून आवडीच्या क्वार्टर्समध्येच. मराठी अशी बोलतात की जुन्या पोथीतून कुणी उठून आलंय आणि मधेच तमिळ बोलतंय. "तूं कुठची मा? कऱ्हाडची? तें कोठें आलें?" मला इतकं भरून आलं की त्यांची चिठ्ठी वाचायची राहिली. मग वाचली. तीच गोळी.

एवढ्या लांब ट्रेननं इथं का येता, विचारलं. तर म्हणाल्या, आवडीत घेतली तर क्वार्टर्समध्ये बातमी होईल. कार्तिकला सोडून कुणाला ठाऊक नाही. दिव्यश्रीलाही नाही! ऑपरेशन झालं तेव्हा ती तंजावरला हॉस्टेलवर बी. एड. करत होती. तिला आणि सगळ्या नातलगांना सांगितलं, पित्ताचे खडे काढले.

९ ऑगस्ट, बुधवार

मावशी आता काउंटर रिकामा असेल तेव्हा येतात आणि तासभर बोलतात. सेल्वी म्हणते, तुम्ही दोघी भांडताय की गप्पा मारताय? मी म्हणते, मराठीत दोन्हीला एकच आवाज लागतो.

दिव्यश्रीला स्थळ आलंय. त्यांच्यातलंच, म्हणजे तंजावरी मराठा, मुलगा सिरुसेरीला कॉम्प्युटर कंपनीत. आडी महिना, म्हणजे इथला आखाड, संपला की बघायला येणार, जमलं तर लगेच साखरपुडा, आणि संक्रांतीनंतर, तै महिन्यात लग्न. हे सांगताना मावशींचा चेहरा असा उजळला की मीपण खूश झाले. मग म्हणाल्या, "म्हणून सांगतें, घरीं फोन करूं नको. आईला असला रोग आहे कळलें तर लेकीस कोण करील?"

डोक्यात तिडीक गेली. हिनं काय चोरी केलीय? रोग झाला तो झाला, वर तोंड लपवायचं, पित्ताचे खडे म्हणायचं, पोटच्या पोरीशी खोटं बोलायचं! असल्या लपवाछपवीनंच बायका मरतात. मी तसं तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला ल्योक नाहीं अजून, म्हणून बोलतेस."

मी फळीवरच्या पुड्या पुन्हा मोजायला घेतल्या. पण राग आला.

२४ ऑगस्ट, गुरुवार

आज सकवारबाईंना झापलं. बरं केलं.

पुडी फळीवरच होती. घरी फोन करायची बंदी, म्हणून वाट बघत बसले. आज आल्या, त्याही गोळ्या न्यायला नाही, पेढे द्यायला! पसंती झाली. साखरपुडा पुढच्या महिन्यात. म्हटलं, आणि गोळी? तर मान खाली. बघायला पाहुणे येणार म्हणून आधीपासूनच बंद केलीय. "चार माणसांत अंगाची वाफ होते, घाम फुटतो मा. विचारतील ना, कसला आजार म्हणून. तै मासांत लग्न होऊं दे, मग घेईन."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. सहा महिने! म्हटलं, "मावशी, तुम्हाला छातीचा कॅन्सर झालाय, पित्ताचे खडे नव्हेत! दिव्यश्रीच्या मांडवात आई म्हणून उभं राहायचंय, की भिंतीवर हार घातलेल्या फोटोत बसायचंय? सिरुसेरीचा जावई काय करायचाय तुम्हाला, तो बघायला तुम्हीच नसाल तर?"

त्या नुसत्या "हळूं मा, हळूं" करत होत्या.

"अहो हळू कशाला? इथं कुणाला मराठी कळतंय!"

मागं रांगेत एक म्हातारबाबा उभे होते, कडक इस्त्रीची पांढरी वेष्टी, म्हणजे इथलं लुंगीसारखं धोतर, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. आमचं भांडण बघून बिचाऱ्यांनी मान दुसरीकडं फिरवली. सेल्वीनंही मला कोपरानं ढोसलं. पण मी थांबले नाही, आणि ते लागूही पडलं. मावशींनी पदरानं डोळे पुसले, पुडी घेतली आणि माझ्यासमोर, काउंटरवरच्या बाटलीतलं पाणी घेऊन एक गोळी गिळली.

मग बाबांना तमिळमध्ये, बोटं दाखवून, डोळ्याचे थेंब कसे घालायचे ते समजावलं. "सरी मा", बरं, म्हणाले आणि थेंबांची बाटली काउंटरवरच विसरून गेले. म्हातारपण, दुसरं काय.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

महेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू जरा हळू बोलत जा गं." म्हटलं, हळू बोलून या देशात कुणी औषध घेतलंय का? आज मन प्रसन्न. पेढे दोघांनी संपवले.

१८ सप्टेंबर, सोमवार

मावशींची पुडी फळीवर. मागची उशिरा नेली असली तरी त्यांचा ठरलेला आठवडा होऊन गेला. साखरपुड्याच्या गडबडीत असतील म्हणून थांबले. पण साखरपुडा गेल्या बुधवारी झालासुद्धा असेल. पेढे द्यायला बऱ्या आल्या होत्या! आता गोळी न्यायला पाय मोडलेत काय?

सासूबाईंचा फोन. दिवाळीला येतायत, चांगल्या तीन आठवड्यांसाठी. माझ्या गोळ्या तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवाव्या लागतील.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज आवडीला गेले. फोन करायचा नाही म्हणाल्या होत्या, पायानं जायचं नाही असं म्हणाल्या नव्हत्या.

क्वार्टर्सच्या दारात कोलम, इथली रांगोळी, काढलेला नव्हता. दार कार्तिकनं उघडलं. तिशीचा मुलगा, बनियनवर शर्ट अडकवत आला. मी नाव सांगितल्यावर त्याचा चेहराच बदलला. तमिळ, इंग्लिश, मधेमधे मराठी असं बोलला, पण एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, लग्न मोडलं. मुलाच्या मामांनी ऐकलं. बघायला ते आले नव्हते, अम्मानं ओळखलं नाही. तुमच्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये. मराठीत."

मला काही कळेना. कुठले मामा? मग काळा चष्मा आठवला. कडक वेष्टी. काउंटरवर राहिलेली थेंबांची बाटली.

मी पायरीवर उभी. सगळं मीच बोलले होते. छातीचा कॅन्सर, दिव्यश्री, सिरुसेरी. नाव, गाव, पत्ता, रोग, सगळं त्या माणसाच्या कानात ओतलं होतं आणि वर म्हणाले होते, कुणाला कळतंय.

म्हटलं, कार्तिक, मी मावशींची माफी मागते, पण गोळ्या तेवढ्या घ्यायला सांग, हात जोडते. पुडी पुढं केली. तो म्हणाला, "त्या गोळीनं लेकीचं लग्न मोडलं, असं म्हणते. तोंडाला लावणार नाही म्हणते."

आतून आवाज आला. "कार्तिक, दार लाव."

त्यानं लावलं. पुडी माझ्या हातातच.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण चूक एकट्या माझी आहे का? लग्न मी मोडलं? रोग असलेल्या बाईची पोरगी नको म्हणणारे ते शहाणे, त्यांचं काय? आणि ज्या म्हाताऱ्यानं ऐकलं आणि पोचवलं, तो? सापडू दे एकदा. सगळ्यांना एका ओळीत उभं करून फटके दिले पाहिजेत. ओळीत पहिली मी, हेही कबूल.

सेल्वीनं मावशींची पुडी परत फळीवर ठेवली. तिनं त्या दिवशी कोपरानं ढोसलं होतं. तिला मराठी येत नाही, आणि तरी तिला कळलं होतं.

९ ऑक्टोबर, सोमवार

सापडला! दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय, थेंब न्यायला आला. मी सरळ मराठीत सुरू केलं. "या मामासाहेब. आज ऐकायला काय हवंय?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "मालोजी माझें नांव. तुम्ही रागावाल ठाऊक होतें, म्हणून दुसरें दुकान पाहिलें. थेंब मिळाले नाहींत."

"चोरून ऐकता, घरं मोडता, आणि नाव सांगता?"

"चोरून नाहीं ऐकलें. बायांचें बोलणें म्हणून मान फिरवली. कान कसे फिरवूं? तीनशें वर्षें झालीं आम्हांस या मुलखांत. तुम्ही काल आलांत आणि म्हणतां, इथें मराठी कुणाला कळतें!"

 तरी मी हटले नाही. म्हटलं, मग त्याच क्षणी तोंड उघडायचं होतंत, मी थांबले असते.

"बोललों असतों तर ती बाई लाजेनें मेली असती."

"आणि बहिणीला सांगितलंत तेव्हा नाही मेली?"

मालोजीराव वेष्टीचं टोक सावरू लागले. मग म्हणाले, बहिणीच्या लेकाचा प्रश्न, हा रोग रक्तात उतरतो म्हणतात. मी काउंटरवर हात आपटला. सांगितलं, बहुतेक बायकांना हा रोग आईकडून आलेला नसतो, आणि ज्यांच्या घराण्यात असतो त्यांनीही लपवायचं नसतं, तपासायचं असतं. आणि उद्या तुमच्या बहिणीला झाला तर तिच्या लेकाला कोण मुलगी देणार, तेही लगे हाथ ठरवून ठेवा!

"हें माझ्या बहिणीस सांगा," म्हणाले.

"द्या नंबर!"

नाही दिला. चष्म्याआडून डोळे पुसत होते, पण ते थेंबांच्या डोळ्यांचं पाणी होतं की कसलं, मला काय ठाऊक. दयामाया करायच्या मनःस्थितीत मी नव्हते. थेंब कसे घालायचे ते मात्र नीट सांगितलं. यावेळी मराठीत. तो माझा धंदा आहे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी एक मुलगी आली. शाळेतून आलेली दिसत होती, खांद्यावरच्या पिशवीतून पट्टी आणि चाचणीचे पेपर डोकावत होते. "अक्का, तुम्हीच का त्या मराठी बोलणाऱ्या?"

दिव्यश्री.

मी माफीचं भाषण तयार ठेवलेलं, तिनं सुरूच करू दिलं नाही. मराठी तिला अडखळत येतं, मधेच तमिळमध्ये शिरते, पण राग सगळ्या भाषांतून नीट पोचला. "मी आठवीला पेशी शिकवते. पेशी कशी वेडीवाकडी वाढते, फळ्यावर काढून दाखवते. आणि माझ्या अम्माला दोन वर्षं झाली, मला ठाऊक नाही! मी तिला तेलकट खाऊं नको सांगत होते. पित्त होतं म्हणून!"

म्हटलं, लग्नाचं मला फार वाईट वाटतं.

"मलाही वाटतं. असली माणसं आधीच कळली तें बरें झालें, असं सगळे सांगतात. मला नाही बरं वाटत. तो मला आवडला होता." हे तिनं अगदी साधं सांगितलं आणि पट्टी पिशवीत आत ढकलली. "तुमच्यावर राग आहे, अक्का. तो जाणार नाही. पण अम्मावर जास्त आहे. लपवलं म्हणून."

मी लगेच री ओढली. म्हटलं, तेच मी त्यांना सांगत होते, लपवायचं कशाला, घरच्या माणसांशी खोटं कशाला—

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमच्या घरांत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं?"

सेल्वी तेवढ्यात काहीतरी शोधायला खाली वाकली. माझी शनिवारची सुट्टी कशासाठी असते, हे तिला एकटीला ठाऊक आहे.

मी फळीवरची पुडी काढून दिली. गोळी कशी घ्यायची, वाफा आल्या तर काय करायचं, मधे इतके दिवस गेलेत ते येत्या गुरुवारी डॉक्टरांना सांगायचंच, अंगावरून रक्त गेलं किंवा पोटरी सुजली तर गुरुवारचीही वाट न बघता त्याच दिवशी यायचं, सगळं सांगितलं. दिव्यश्री म्हणाली, "घेणार नाही ती. तुम्ही अम्माला ओळखत नाही." मग जाताजाता म्हणाली, "पण मी तिचीच मुलगी."

६ नोव्हेंबर, सोमवार

दिव्यश्रीचा फोन आला, हॉस्पिटलच्या नंबरवर. मावशींनी गोळी सुरू केलीय! कशी?

ओरडून झालं, रडून झालं, कार्तिकनं पाया पडून झालं. मावशींचं एकच, "त्या गोळीस हात लावणार नाहीं." मग त्यांच्या तिथीला, म्हणजे मावशींच्या यजमानांच्या, सगळे केळीच्या पानावर जेवायला बसले. वाढायला दिव्यश्री. डावीकडं वर मीठ वाढतात, त्या मिठाशेजारी तिनं गोळी वाढली. काही बोलली नाही, पुढं भात वाढायला गेली.

आता मावशींच्या घरचा नियम, पानात वाढलेलं टाकायचं नाही. कढीपत्तासुद्धा चावून खायचा. लहानपणी दिव्यश्रीला कारलं असंच खायला लावलं होतं त्यांनी, अंधार पडेपर्यंत पानावर बसवून. तर मावशी सगळं जेवल्या. पायसम झालं, ताकभात झाला. पानात एकटी गोळी राहिली. सगळे उठले. मावशी बसून. दिव्यश्री समोर भिंतीला टेकून बसून. शेवटी मावशी म्हणाल्या, "माझेंच शस्त्र माझ्यावर!" आणि घेतली. आता रोज ताटात, मिठाशेजारी. हात लावणार नाही म्हणाल्या होत्या, तर भाताच्या घासाबरोबर घेतात. डॉक्टरांनाही भेटून आल्या, मी रजेवर होते त्या गुरुवारी. मुद्दाम निवडला असणार.

फोन ठेवून मी आणि सेल्वीनं एकमेकींना टाळी दिली. मग मला एकदम राग आला. कशाचा ते धड सांगता येत नाही. डॉक्टरांना जमलं नाही, मला माझ्या बी. फार्म.सकट जमलं नाही, उलट मी सगळं घालवून बसले. आणि ज्या पोरीचं लग्न मी मोडलं, तिनं जमवलं. सेल्वीला म्हटलं, आजपासून प्रत्येकीला विचारायचं, तुमच्या घरी पान कोण वाढतं? फोन त्या माणसाला करायचा.

घरी आले. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. तूरडाळीच्या डब्यातून माझ्या गोळ्या काढल्या आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्या. सासूबाईंनी बघितलं. "कसल्या गं?" म्हणाल्या. सांगितलं. बदलीबिदली काही नाही, हेही सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली आणि मग महेशवर असा आवाज चढवला की शेजारच्या तमिळ बाई खिडकीत आल्या. "माझ्याशी खोटं बोलतोस? दोन वर्षं?" मला वाटलं होतं रडतील. रागावल्या. मला तेच बरं वाटलं.

८ फेब्रुवारी २००७, गुरुवार

तै महिना संपत आला. आजचा मुहूर्त होता दिव्यश्रीच्या लग्नाचा. मावशींनीच पेढ्यांबरोबर सांगितला होता, म्हणून लक्षात राहिला. सकाळपासून हॉस्पिटलसमोरच्या हॉलमध्ये कुणाच्यातरी लग्नाचा नादस्वरम वाजत होता. मी सकाळपासून सगळ्यांवर भुंकत होते.

दर महिन्याला पुडी न्यायला दिव्यश्री येते. आज मावशी स्वतः आल्या.

मी ताडकन उठले. त्या थोड्या वाळल्यात, पण चालतायत ताठ. तेवढ्यात अंगातून वाफ आली असावी, कपाळावर घाम डवरला, आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर त्यांनी पदरानं सावकाश पुसला. लपवला नाही. मी म्हटलं, "मावशी! कशा आहात? बसा ना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, औषध द्या.

म्हटलं, मावशी, मी चुकले. त्या दिवशी मी ओरडायला नको होतं, निदान नाव तरी घ्यायला नको होतं. रोज आठवतं.

त्या परत तमिळमध्ये, अनोळखी माणसाला बोलावं तशा अगदी आदरानं म्हणाल्या, मागं माणसं उभी आहेत, लवकर द्या. सेल्वी पुडी घेऊन पुढं आली. तिच्याशी दोन शब्द हसून बोलल्या. तिच्या मुलाची चौकशी केली.

मला भांडायचं होतं. म्हणायचं होतं, गोळी घेताय ना, जिवंत आहात ना, मग एवढा कसला ताठा? शिव्या घाला, पण मराठीत घाला! त्याऐवजी बिलावर शिक्का मारला. त्यांचा हक्क आहे. राग धरून ठेवायला माणूस जिवंत असावं लागतं, आणि त्या आहेत.

पुडी पिशवीत ठेवून त्या वळल्या. मी मागून, हळू, एवढंच म्हटलं, "जेवताना घ्या, मावशी."

"तेरियुम," त्या म्हणाल्या. ठाऊक आहे. आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागल्या.

पुढच्या महिन्याची त्यांची पुडी मी आजच बांधून फळीवर ठेवली.